एकविसावी चूक

"मावशी, आम्ही पेरलेली नाही अशी चूक कुणी काढून दाखवली, तर मार्क द्यायचे का?"

जुलैतली संध्याकाळ. पावसाने दिवसभर उसंत दिली नव्हती. दोरीवरचे कपडे हॉलमध्ये खुर्च्यांच्या पाठींवर येऊन बसले होते आणि जेवणाच्या टेबलावर माझ्या भाचीने उत्तरपत्रिका पसरल्या होत्या. उरलेल्या कोपऱ्यात मी गवार मोडत होते. प्रश्न विचारला तो तिने माझ्याकडे न बघता, लाल पेनाचं टोपण दातात धरून, 'फॅन वाढवू का' असं विचारावं तसा. मी म्हटलं, "आवर आता, पानं घ्यायचीत." तिने गठ्ठे उचलले, आम्ही जेवलो, ती झोपली. मी मात्र दीड वाजेपर्यंत गॅलरीत बसून होते. पाऊस थांबला होता आणि पागोळ्या एकेक करून खालच्या पत्र्यावर पडत होत्या.

या प्रश्नाचं उत्तर मी एकदा दिलेलं आहे. सतरा वर्षांपूर्वी, लाल पेनानेच.

भाची पुण्यात कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे, पहिल्या वर्षापासून माझ्याकडेच राहते. तिच्या कॉलेजात विद्यार्थी स्वतः चालवतात असं एक जर्नल आहे. प्राध्यापक, वकील, संशोधक लेख पाठवतात. ते घ्यायचे की परत करायचे, घेतले तर कुठे कापायचे, कुठली तळटीप खरी आणि कुठली हवेतली, हे वीस-बावीस वर्षांची मुलं ठरवतात. डॉक्टरांच्या किंवा इतिहासकारांच्या जर्नलमध्ये असं कुणी चालवून घेणार नाही. कायद्याच्या जगात मात्र हे रुळलेलं आहे. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी १८८७ साली काढलेलं नियतकालिक आजही विद्यार्थीच चालवतात आणि पुढे कितीतरी लॉ कॉलेजांनी तोच कित्ता गिरवला. तिकडे पहिल्या वर्षाची परीक्षा आटपली की मुलं आणखी एका परीक्षेला बसतात. त्याला 'राइट-ऑन' म्हणतात. ठरावीक कागदांचा गठ्ठा मिळतो, त्याबाहेरचं काही धुंडाळायचं नाही. दिलेल्या मुदतीत एका निकालावर टिपण लिहायचं आणि चुकांनी भरलेला मजकूर दुरुस्त करून द्यायचा. काही ठिकाणी पहिल्या वर्षाचे मार्कही धरतात. आपल्याकडची परीक्षा ही त्याचीच धाकटी बहीण. उत्तरपत्रिकेवर नाव नाही, फक्त नंबर. तपासणारे वरच्या वर्गातले. निवड झाली की तुम्ही 'ईबी'वर, म्हणजे संपादक मंडळावर. मग वर्षभर दुसऱ्यांच्या तळटिपा तपासायच्या, त्याही फुकट, आणि तरी त्या जागेसाठी मुलं जिवाचं रान करतात.

मीही केलं होतं. २००६ चा पावसाळा, मी दुसऱ्या वर्षाला. सांगलीहून, मराठी शाळेतून आलेली. मूट कोर्टात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या लुटुपुटूच्या कोर्टात, उभं राहायची छाती नव्हती. तिथे काळा कोट घालून इंग्रजीत 'माय लॉर्ड' म्हणताना माझा आवाज मलाच परका वाटायचा. एका सिनियरने ब्लूबुकची झेरॉक्स दिली, स्पायरल बांधलेली, कडा चहाने तांबूस झालेली. तळटिपा कशा लिहायच्या याचं हे अमेरिकन पुस्तक. १९२६ साली पहिल्यांदा निघालं तेव्हा २६ पानांचं होतं, आमच्या हातात आलं तोवर चारशेच्या वर गेलेलं. इतर मुलांना ते वाचताना जांभया येत. मला त्याचा आधार वाटला. स्वल्पविराम इथे, पूर्णविराम तिथे, खटल्याचं नाव तिरपं, खंड आधी, पान नंतर. यात कुणी तुमचा उच्चार ऐकत नाही, तुमची शाळा विचारत नाही. नियम पाठ केला की तो जितका दिल्लीच्या कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुलीचा, तितकाच तुमचा. मी तो रात्री हॉस्टेलच्या जिन्यात बसून पाठ केला, कारण खोलीतला दिवा अकराला बंद करावा लागे. आमच्या परीक्षेला अठ्ठेचाळीस तास मिळायचे. शनिवारी सकाळी दहाला कागद हातात, सोमवारी दहाला परत. त्या दोन दिवसांत मी बहुधा चार तास झोपले असेन. यादीत नाव लागलं तेव्हा एसटीडी बूथवरून आईला फोन केला. तिला जर्नल म्हणजे काय ते कळलं नाही. तिने विचारलं, "पेपरात येणार का नाव?" मी हो म्हटलं. आतल्या पानावर, बारीक अक्षरात, पण येणार होतंच.

जर्नलची खोली म्हणजे लायब्ररीच्या मागचा एक अरुंद पट्टा. पूर्वी तिथे जुनी बाकं ठेवत असत. एक खिडकी, तिच्याबाहेर पीतमोहर. उन्हाळ्यात पिवळा सडा थेट टेबलावर यायचा आणि पावसाळ्यात भिंतीला ओल धरून कपाटांच्या मागे बुरशीचा वास सुटायचा. तिथे मी चार वर्षं काढली. एआयआरचे, म्हणजे कोर्टाचे निकाल छापणाऱ्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'चे, जाड खंड दोन्ही हातांनी उचलायचे, धुळीने नाक लाल व्हायचं, आणि एखाद्या लेखकाने म्हटलंय ते वाक्य म्हटलंय त्याच पानावर सापडलं की बारीकसं सुख व्हायचं. दळण आणायला गेल्यावर आपला डबा पहिल्या खेपेलाच तयार असावा, तसं.

चौथ्या वर्षाला, २००८ मध्ये, नव्या मुलांची परीक्षा काढायचं काम माझ्याकडे आलं.

पुढच्या अंकासाठी स्वीकारलेल्या एका लेखातली चार पानं आम्ही घेतली. वृत्तपत्रांवरच्या सरकारी नियंत्रणाबद्दलचा लेख होता. त्यात मी वीस चुका पेरल्या. पेरताना फार मन लावलं होतं, ते आजही आठवतं. लेखात 'सकाळ पेपर्स विरुद्ध भारत सरकार' हा निकाल होता. पुण्यातल्या लॉच्या मुलांना तो घरचाच वाटतो. वृत्तपत्राने किती किमतीला किती पानं द्यायची ते सरकार ठरवणार, असा १९५६ चा कायदा आणि त्याखालचा १९६० चा आदेश. 'सकाळ' तेव्हा रविवार सोडून आठवड्याच्या सहा अंकांत मिळून ३४ पानं द्यायचा, अंक सात नये पैशांना. नव्या आदेशाप्रमाणे त्याच किमतीत २४ पानंच देता आली असती, नाहीतर किंमत वाढवायची. सर्वोच्च न्यायालयाने कायदा आणि आदेश दोन्ही रद्द केले. पानं कमी करायला लावणं म्हणजे बोलणं कमी करायला लावणं, असा त्याचा गाभा. निकाल लागला सप्टेंबर १९६१ मध्ये, पण एआयआरमध्ये छापला गेला १९६२ च्या खंडात, पान ३०५ वर. नवशिक्याची गाडी हमखास इथे अडते. निकालाचं वर्ष लिहायचं की खंडाचं? मी मूळ तळटिपेतलं वर्ष बदलून १९६१ केलं. पान ३०५ चं ३५० केलं. एका ठिकाणी आदेशाचं वर्ष गाळलं, एका ठिकाणी न्यायमूर्ती मुधोळकरांच्या नावातलं अक्षर बदललं. अशा वीस. मग त्यांची यादी केली, प्रत्येकीला एक मार्क. चौदा आणि वर असतील त्यांचंच टिपण वाचायचं, असं ठरलं.

सेहेचाळीस जण बसले. तपासायला आम्ही तिघं. दोन रात्री मिळाल्या.

तेवीस नंबरचा पेपर माझ्या वाट्याला आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. अक्षर गोल, थोडं डावीकडे कललेलं. बाकी सगळ्यांनी निळ्या किंवा लाल पेनाने दुरुस्त्या केल्या होत्या, हिने पेन्सिलीने. खोडून पुन्हा लिहिल्याच्या खुणा जागोजाग, एके ठिकाणी कागद घासून पातळ झालेला. मुलगी होती की मुलगा हे मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. पण मनात मी कायम 'ती' म्हणत आले. वीसपैकी अकरा चुका तिला सापडल्या होत्या. तिरपी अक्षरं, स्वल्पविराम यांतल्या बहुतेक सुटल्या होत्या. वर्ष आणि पान मात्र बरोबर पकडलं होतं, म्हणजे ती लायब्ररीत जाऊन खंड उघडून बसली होती एवढं नक्की. आणि एकोणिसाव्या तळटिपेशेजारी, जिथे मी काहीही पेरलेलं नव्हतं, समासात पेन्सिलीने मराठीत लिहिलं होतं:

'हे कोर्ट नाही म्हणत. सरकारी वकील म्हणतात. कोर्टाचं म्हणणं पुढे आहे.'

कायदा न शिकलेल्या वाचकांसाठी एवढं सांगायला हवं की आपल्याकडचे निकाल लांबलचक असतात आणि त्यांत न्यायाधीश स्वतःचं मत द्यायच्या आधी दोन्ही बाजूंचे युक्तिवाद सविस्तर मांडतात. पानंच्या पानं. घाईने वाचणाऱ्याला त्यातलं एखादं घोटीव वाक्य मिळतं आणि वाटतं, कोर्टच म्हणतंय. प्रत्यक्षात कोर्ट फक्त 'यांचं म्हणणं असं आहे' एवढंच नोंदवत असतं, आणि पुढे तेच म्हणणं खोडून काढतं. सरकारचं म्हणणं होतं की छोट्या वृत्तपत्रांना मोठ्यांच्या स्पर्धेपासून वाचवायला हा कायदा हवा. लेखकाने ते उचलून कोर्टाच्या तोंडी घातलं होतं. खुद्द लेखकाची चूक होती ती. लेख स्वीकारताना आम्ही तिघांनी तो वाचला होता, मी दोनदा, आणि आमच्यापैकी कुणीही ते पान उलटून पाहिलं नव्हतं.

मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगायचं, तर आधी राग आला. इंग्रजी जर्नलच्या परीक्षेत मराठी? मी तीन वर्षं खपून स्वतःमधलं जे पुसून टाकलं होतं, ते या मुलीने सरळ समासात लिहून ठेवलं होतं, आणि तेही इतक्या सहजपणे. मग मी यादी बघितली. यादीत एकोणीस नंबरची तळटीप नव्हती. खंड शेजारच्या खोलीत होता, कुलूप माझ्याच किल्लीने उघडणारं. उठून जायला अर्धं मिनिट लागलं असतं. अजून नऊ पेपर बाकी होते. मी त्या ओळीशेजारी लाल पेनाने एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं, खाली अकरा लिहून भोवती गोल केला आणि चोवीस नंबर उचलला.

तिचं टिपण कुणी वाचलंच नाही. अकरा म्हणजे चौदाच्या खाली.

अंक फेब्रुवारीत निघाला. मार्चमध्ये जर्नलच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं, एका निवृत्त प्राध्यापकांचं. ते आमचा अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत, तळटिपांसकट, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. कार्डावर अभिनंदनाचं एक वाक्य, आणि खाली लेखाचं नाव, तळटीप एकोणीस, आणि एवढंच: हे न्यायालयाचं मत नसून प्रतिपक्षाचा युक्तिवाद आहे, न्यायालयाने तो पुढे अमान्य केला आहे, कृपया मूळ पाहावे. 'कृपया' हा शब्द मला फार लागला. मी कपाटातून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला, तेवीस नंबर शोधला. पेन्सिल थोडी पुसट झाली होती. माझं प्रश्नचिन्ह ठसठशीत होतं.

मग मी शेजारच्या खोलीत गेले आणि खंड उघडला. तिचं बरोबर होतं.

पुढच्या अंकात आम्ही शुद्धिपत्र छापलं, दोन ओळींचं. प्राध्यापकांना आभाराचं पत्र गेलं, त्यावर सही माझी. तेवीस नंबरबद्दल मी कुणाशी बोलले नाही. नंबर आणि नावं जुळवणारी यादी आमच्या मार्गदर्शक मॅडमच्या कपाटात होती. मागितली असती तर मिळाली असती. नाही मागितली. नाव कळलं असतं तर ती मला कॅन्टीनमध्ये, झेरॉक्सच्या रांगेत, लायब्ररीच्या दारात दिसत राहिली असती, आणि कधीतरी तिच्यासमोर उभं राहून बोलावं लागलं असतं. नाव माहीत नसल्यामुळे झालं भलतंच. ज्युनियर वर्गातली डावीकडे कललेल्या अक्षराची प्रत्येक मुलगी मला तीच वाटू लागली.

त्या प्राध्यापकांना मी नंतर एकदा भेटले. त्यांच्या घरी, एरंडवण्यात, अंगणातल्या तगरीजवळ खुर्च्या टाकलेल्या. मला वाटलं होतं ते रागावतील. त्यांनी चहा दिला आणि आतून एक जुना, कडा कुरतडलेला अंक आणला. १९७९ च्या 'सुप्रीम कोर्ट केसेस'च्या, म्हणजे एससीसीच्या, चौथ्या खंडातला जर्नलचा भाग. त्यात चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेलं खुलं पत्र होतं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवरच्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं, त्याविरुद्ध. ते पत्र वर्गात प्रत्येकाने ऐकलेलं असतं, वाचलेलं क्वचित असतं. सर म्हणाले, "यात घोषणा शोधू नकोस. यांनी काय केलंय बघ. निकाल समोर ठेवलाय आणि एकेक वाक्य वाचलंय." खरंच तसंच होतं. मुकाट सोसणं म्हणजे संमती नव्हे, ही गोष्ट त्यांनी निकालातल्याच शब्दांवर बोट ठेवून दाखवली होती. त्या पत्रातून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. मी घरी येताना कर्वे रोडवर बसमध्ये उभी होते आणि मला सारखी ती पेन्सिल आठवत होती. 'कोर्टाचं म्हणणं पुढे आहे.' तिनेही तेच केलं होतं, आपल्या परीने, चार पानांच्या परीक्षेत, कुणी सांगितलं नसताना.

आज मी शिवाजीनगर कोर्टात वकिली करते. रोज सकाळी हातात ज्युनियरने आणलेले निकालांचे प्रिंट असतात. त्यातला निम्मा मजकूर हेडनोटमधून उचललेला असतो. हेडनोट म्हणजे छापणाऱ्याने निकालाच्या डोक्यावर दिलेला गोषवारा, निकाल नव्हे, हे मी दर वर्षी नव्याने सांगते. पूर्वी खंड उचलायचे कष्ट तरी होते. आता सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून आपले निकाल फुकट खुले केलेत, प्रत्येकाला स्वतःचा क्रमांकही दिलाय, म्हणजे एआयआर की एससीसी ही आमची जुनी भांडणं मिटल्यातच जमा. उघडून बघायला एक मिनिट लागत नाही. तरी बघत नाहीत. त्याच २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले कोर्टात दिले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. ती बातमी आमच्या बाररूममध्ये सगळे हसत हसत एकमेकांना दाखवत होते. मी नाही हसू शकले. न उघडलेलं पान काय करतं ते मला माहीत होतं.

मुलांवर मला राग येत नाही, कीव येते. भाचीच्या फोनवर रोज निरोप येतात, अमुक रुपये भरा, लेख आठवड्यात छापून देऊ, सर्टिफिकेटसह. इंटर्नशिपला सीव्ही पाठवायचा तर त्यावर 'पब्लिकेशन' हवं, 'एडिटर' हवं. म्हणून जागेसाठी झुंबड, आणि झुंबड आहे म्हणून यादी, आणि यादी आहे म्हणून चौदा मार्कांची रेघ. शेकडो अर्ज आले तर ती मुलं तरी काय करणार? रेघ ओढावीच लागते, हे मलाही कळतं. नियमांनी मला हात दिला होता, हेही मी विसरलेली नाही. ते नियम नसते, नुसती मुलाखत असती, तर सांगलीच्या मुलीला त्या खोलीत कुणी घेतलं नसतं. मी आत आले ती स्वल्पविरामांच्या बळावर, आणि तेवीस नंबर बाहेर राहिली तीही स्वल्पविरामांमुळेच. या दोन गोष्टींचा मेळ मला सतरा वर्षांत घालता आलेला नाही.

एक गोष्ट मात्र २०१७ मध्ये घडली. खासगीपणाच्या अधिकारावर नऊ न्यायमूर्तींचा निकाल आला, पुट्टस्वामी खटल्यातला. २४ ऑगस्टची संध्याकाळ, कोर्ट सुटलेलं, मी पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवरच तो वाचायला घेतला. त्यात १८९० चा एक लेख होता, वॉरन आणि ब्रँडाइस या दोघांचा, खासगीपणावरचा, हार्वर्डच्या त्याच विद्यार्थ्यांच्या नियतकालिकातला, चौथा खंड, पान १९३. तीन वर्षांचं कोवळं नियतकालिक होतं तेव्हा ते. बोस्टनच्या त्या लेखाचा मजकूर तेव्हा कुठल्या तरी विशीतल्या मुलाने प्रूफ हातात घेऊन वाचला असेल, पान जुळतं का बघितलं असेल. सव्वाशे वर्षांनी दिल्लीत नऊ न्यायमूर्ती त्याच पानावर विसंबले. मी बराच वेळ गाडी सुरू केली नाही. मला ती अरुंद खोली आठवली, खिडकीतला पीतमोहर, आणि अर्ध्या मिनिटावरचा तो खंड.

भाचीने तो प्रश्न विचारला, त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. भाची उशिरा उठली, केस बांधत टेबलाशी आली. पोहे तिच्यापुढे ठेवले आणि तिला हे सगळं सांगितलं. पेन्सिल, मराठी ओळ, प्रश्नचिन्ह, पोस्टकार्ड. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी. ती खायची थांबली.

"कोण होती ती?"

"माहीत नाही."

"नंतर विचारलं नाहीस?"

"नाही."

ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पोह्यांवरचं खोबरं चमच्याने एका बाजूला सारत राहिली. मग बशी सरकवून तिने गठ्ठ्यातून एक पेपर काढला, नऊ नंबर. समासात निळ्या पेनाने, नीटनेटक्या इंग्रजीत लिहिलं होतं की अवतरणात दिलेलं वाक्य निकालाच्या त्या पानावर नाही. पाचवी तळटीप. भाचीच्या यादीत पाचवी तळटीप नव्हती. "लेखक मोठा माणूस आहे," ती म्हणाली. "त्याचं कसं चुकेल, म्हणून मी काल पुढे गेले."

"निकाल उघड," मी म्हटलं.

तिने लॅपटॉप उघडला. निकाल एकशे बारा पानांचा. ते पान काढलं. वाक्य नव्हतं. मी चष्मा आणला, तिच्या शेजारी खुर्ची घेतली. तिने मागचं पान वाचलं, मी पुढचं. पुढच्या पानावर, वरून सहाव्या ओळीत, वाक्य होतं. शब्दन् शब्द तसंच. न्यायालयाचंच, युक्तिवादातलं नव्हे. लेखकाचा फक्त पानाचा आकडा एकाने चुकला होता.

"म्हणजे वाक्य आहे," भाची म्हणाली. "पण तो म्हणतो ते पण खरं, त्या पानावर नाहीये." ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. "त्याने पुढचं पान उलटलं नाही. पण ते पान तरी उघडलं. आम्ही पाच जणांनी तेही नाही उघडलं."

तिने फोन उचलून ग्रुपवर काहीतरी टाइप केलं. लगेच दोन-तीन उत्तरं आली असावीत, कारण तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. उद्या निकाल लावायचाय, आता नवीन काही काढू नकोस, असं कुणीतरी लिहिलं होतं. तिने मला वाचून दाखवलं. मग तिने एक्सेलच्या तक्त्यात शेवटी आणखी एक रकाना घातला, त्यावर 'यादीबाहेरच्या' असं लिहिलं, आणि काल संध्याकाळी तपासून बाजूला ठेवलेला सगळा गठ्ठा पुन्हा समोर ओढला.

"पहिल्यापासून?" मी विचारलं.

"समासात काही लिहिलेलं असेल ते सगळं. काल मी नुसत्या खुणा मोजल्या." तिने एक नंबरचा पेपर उघडला. "मार्क मी देईन. तुला नाही देता येणार. पण पानं काढून देशील का?"

मी लॅपटॉप माझ्याकडे वळवून घेतला. बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. तिने समासातली पहिली ओळ वाचली, मी विचारलं, "कुठला खंड, कितवं पान?"